बुलढाण्याची बाई

मी बुलढाणा जिल्ह्यातला. मुंबईत कुणी गाव विचारलं की मी जिल्हा सांगतो, आणि समोरचा म्हणतो, हां, शेगाव! फार तर लोणार. ताराबाई शिंदे कुणी म्हणत नाही. मी तरी कुठं म्हणत होतो? शाळेत दहा वर्षं घासली, हे नाव एकदाही कानावर पडलं नाही.

बाप बापूजी हरी शिंदे, बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत कारकून. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली (ती पुढं कमी झाली), आणि पेपरवाल्यांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्यात बसून ही बाई पेटली. १८८२ ला पुण्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघालं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. विधवेला लग्नाची बंदी घालणारे, स्वतः बूटपाटलोण चढवून बायकोला धर्म शिकवणारे, पुराणातले देवसुद्धा, कुणालाच सोडलं नाही. सत्यशोधकांतलेही भडकले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये जोतीराव फुले तिच्या बाजूनं उभे राहिले. मग पुस्तक गडप. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा कुठं ते हाताला लागलं.

पण ताराबाई मराठा. तिचं दुःख उंबऱ्याच्या आतलं. उंबऱ्याबाहेरचं दुःख तिच्या २७ वर्षं आधी एका मांगाच्या पोरीनं लिहिलं होतं. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली, वय चौदा. १८५५ च्या 'ज्ञानोदया'त तिनं सरळ विचारलं की वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता? उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांबद्दल लिहिलं. हे शाळेतली पोरगी लिहिते!

१९७२ ला पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्या पुरुषांची नावं तोंडपाठ. टेक्सासची काळी मास्तरीण लिलियन जोन्स मात्र माहीत नाही. १९१६ साली तिनं कादंबरी लिहिली, पाच पिढ्यांनंतर आपले लोक आफ्रिकेत आपल्या जमिनीवर उभे असतील असं स्वप्न बघितलं. तीही अशीच अडगळीत.

परवा आपलेच जुने अंक काढून बसलो. बाईचं नाव असलेली पानं बोटांवर मोजली, बोटं उरली. संपादक मीच, तेव्हा शिव्या मलाच घाला.

पुढच्या अंकात पहिल्या पानापासून मुक्ताचा निबंध पूर्ण येईल. कविता थांबतील. तुमच्या आईनं, आत्यानं वहीत, मोर्च्याच्या पत्रकामागं काही खरडलं असेल तर पाठवा. शुद्धलेखन तपासणार नाही.