मतनोंद कुणाची : सदस्याची की पक्षाची?

१/४ ८ मे १९४०. नॉर्वे मोहिमेच्या अपयशावर ब्रिटिश संसदेत मतदान झाले. ठराव नावाला तहकुबीचा होता. चेंबरलेन सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. तरीही दोनच दिवसांत पंतप्रधानांना पद सोडावे लागले.

२/४ कारण मतनोंदीत होते. एरवी दोनशेहून अधिक असणारे मताधिक्य ८१ वर आले. सत्तापक्षाच्या सुमारे ४० सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. त्यांतील काही लष्करी गणवेशात होते. अनेकांनी मतदानच टाळले.

३/४ आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश मोडून मत दिल्यास किंवा मतदान टाळल्यास सदस्यत्व जाऊ शकते. पक्षांतर रोखण्याचा हेतू रास्तच होता. मात्र बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. तिथे नावनिशीवार नोंदही उरत नाही.

४/४ म्हणून एखाद्या खासदाराची मतनोंद पक्षाशी तंतोतंत जुळली, तर तिला निष्ठा म्हणण्याची घाई नको. जिथे ‘नाही’ची किंमत सदस्यत्व आहे, तिथे ‘होय’ हा स्वतंत्र कौल ठरत नाही. पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांपुरतीच असावी. इतर विधेयकांवर नावानिशी मतदान व्हावे. तरच उद्याच्या इतिहासकाराला आजचा लोकप्रतिनिधी वाचता येईल.