मळी वेगळी, काकवी वेगळी

साखर कारखान्याची मळी म्हटली की आपल्याला दारूची भट्टी आठवते. पण मळी फक्त उसाचीच असते असे नाही. युरोपच्या थंड मुलखात ऊस पिकत नाही. तिथे शर्कराकंदापासून, म्हणजे शुगर बीटपासून साखर काढतात. आपल्या कोशिंबिरीतल्या लाल बिटाचाच हा पांढरा भाऊ. त्यात साखर आहे हे बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवून दिले. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०२ साली सायलेशियात पहिला कारखाना सुरू केला.

कंदाचे काप गरम पाण्यात ठेवून रस काढतात, तो चुन्याने साफ करतात आणि आटवून साखरेचे दाणे पाडतात. शेवटी जो काळा, दाट पाक उरतो ती मळी. तिच्यात जवळजवळ निम्मी साखर असते, पण क्षारांमुळे तिचे दाणे पडत नाहीत.

उसाची चांगल्या प्रतीची मळी परदेशात खाण्यात वापरतात. शर्कराकंदाची मळी मात्र खारट, कडवट आणि उग्र वासाची. ती ताटात येत नाही, तरी वाया जात नाही. पाव फुगवणारे यीस्ट तिच्यावर वाढवतात. तिच्यापासून अल्कोहोल व सायट्रिक ॲसिड बनते. कंदाच्या चोथ्यात मिसळून ती जनावरांना घालतात. अमेरिकेत काही ठिकाणी ती मिठाच्या पाण्यात मिसळून बर्फाळ रस्त्यांवर शिंपडतात.

मग जर्मनीत पावाला लावून खातात ते काय? ती मळी नव्हे. साखर न काढता कंदाचा रस आटवून केलेला तो पाक, म्हणजे आपल्या काकवीचाच प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तिथल्या गृहिणींनी कपडे उकळण्याच्या हंड्यांत हा पाक शिजवून मुलांच्या तोंडी गोड घास घातला.

हा फरक आम्ही मुद्दाम सांगत आहोत. ‘मोलॅसिसने रक्त वाढते’ असे ऐकून कोणी महागडी बाटली घेते, कोणी जनावरांच्या खुराकाची सुटी मळी घरी आणते. भगिनींनो, खुराकाची मळी मुलांना कदापि देऊ नका. उसाच्या मळीत थोडे लोह असते हे खरे, पण चमचाभर मळीने पंडुरोग बरा होत नाही. थकवा, धाप, चक्कर असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर काकवी काय, गूळ काय, शेवटी ती साखरच, हे ध्यानात ठेवा. कष्टाचा पैसा बाटलीवरच्या नावाला भुलून जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.