'ण'चा पहारा

बी.एड.च्या सराव पाठाला पहिल्यांदा वर्गात उभं राहणाऱ्या दोस्तांनो, पाठ-टाचणात सगळ्याला रकाना असतो. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, उपयोजन. मागच्या बाकावरचं पोरगं 'पानी' म्हणतं, त्याला रकाना नसतो. वर्ग फिदीफिदी हसतो. पोरगं खाली बसतं. निरीक्षक शेरा मारतो: 'अशुद्ध उच्चार दुरुस्त केला नाही.' मार्क कापले.

कापू द्या. 'पानी' ही चूक नव्हं, ती त्याच्या आईची बोली आहे. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांच्या मागं गेलेल्या आपल्या माणसांनी मार खाल्ला, त्या पाण्यावर आता 'ण'चा पहारा?

प्रमाण मराठी शिकवाच. कोर्टात, कचेरीत, मुलाखतीत ती लागते. पण ती हत्यार म्हणून हातात द्या, चाबूक म्हणून पाठीवर नको. मांगाची पोर मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'नं छापला. तिनं अक्षर नक्कल करायला नाही, जाब विचारायला वापरलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पोरांना मारायलाच नाही, त्यांचा मानसिक छळ करायलाही बंदी घातलीय. हसून गप्प बसवणं हा छळ नाही तर काय?

म्हणून पहिल्याच पाठाला आधी ते हसू थांबवा. त्या पोराला फळ्यापाशी बोलवा. 'पानी' लिहा, शेजारी 'पाणी' लिहा. सांगा, एक घरचं, एक परीक्षेचं. दोन्ही तुझंच.

शेरा काय पडायचा तो पडो.