थ्रेड : भाटघरच्या गाळातला दगड आणि हरवलेली क्रियापदे

१/ वाटोळा काळा दगड. मध्यभागी आरपार छिद्र, कडेजवळ आणखी एक लहान खळगा. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात तो मला दिसला. छायाचित्र काढून इतिहासप्रेमींच्या एका समूहावर टाकले आणि विचारले, 'ओळखा पाहू, हे काय?' उत्तरे भराभर आली : होडीचा नांगर, व्यायामाचा दगड, तोफगाड्याचे चाक. सर्वाधिक पसंती तोफगाड्याला मिळाली.

२/ खरे उत्तर मिळाले ते काठावर शेळ्या राखणाऱ्या एका आजींकडून. ''आरं, तोफ कुठली? जात्याची वरली तळी हाय ती. खुंटा गेलाय तिचा.'' मधल्या छिद्रातून दाणे वैरायचे, कडेच्या खळग्यात लाकडी खुंटा ठोकायचा. त्यांनी दगड उलटायला लावला, खालच्या अंगावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, ''गुळगुळीत झालीया. टाकी लावायला झाली व्हती.'' प्रामाणिकपणे सांगतो, माझाही कल तोफेकडेच होता.

३/ थोडी पार्श्वभूमी. नीरेची उपनदी असलेल्या वेळवंडीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले. ते अपुरे पडू लागल्यावर अधिक उंच असे लॉइड धरण बांधण्यात आले. ते १९२८च्या सुमारास पूर्ण झाले. आजच्या जलाशयास येसाजी कंक यांचे नाव आहे. साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. हे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते आणि तिकडचा ऊस त्यावर उभा राहतो.

४/ पाणी खालावले की कांबरे गावचे, एरवी बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. त्याची छायाचित्रे दरवर्षी फिरतात, आणि फिरावीतच. परंतु गाव उठते तेव्हा देवळाखेरीज आणखी पुष्कळ काही मागे राहते. मातीची चूल आणि तिच्या बाजूचा वैल उचलून नेता येत नाही. जमिनीत पुरलेले उखळ तिथेच राहते. बुडालेल्या स्वयंपाकघरांची नोंद मात्र आपण ठेवीत नाही.

५/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुनी वस्तू ओळखताना आपण फसतो, कारण आपण तिच्या आकारावरून निष्कर्ष काढतो. पितळी दांडी, टोकाला दातेरी फिरते चाक : हे छायाचित्र पाहून 'घोडेस्वाराच्या टाचेची आर' असे ठामपणे सांगणारे मी पाहिले आहेत. ते असते कातणे. दिवाळीत करंजीची कडा कापण्याचे. अमेरिकेतील देवमाशांचे शिकारी एकोणिसाव्या शतकात देवमाशाच्या दातांपासून अगदी अशीच कातणी कोरीत, घरच्या पाईची कडा कापण्यासाठी.

६/ आर आणि तोफगाडा, दोन्ही अंदाज एकाच दिशेने का चुकतात? आपण राजगड-तोरण्याच्या सावलीत उभे असतो. इथला प्रत्येक दगड आपल्याला लढाईतलाच वाटतो. उलट चूकही होते : अनेक किल्ल्यांवरची चुना मळण्याची घाणी, म्हणजे वर्तुळाकार चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक, पाहून लोक तिला तेलाचा घाणा म्हणतात. केवळ आकार पाहणारा दोन्हीकडे फसतो.

७/ तरीही या दोन चुका सारख्या नाहीत. जात्याच्या तळीला तोफेचे चाक म्हटले की एका बाईचे आयुष्यभराचे श्रम नकळत सैन्याच्या खात्यात जमा होतात. गडावरच्या शिबंदीलाही भाकरी लागत होती आणि तिचे पीठ कुणीतरी दळत होते. त्या दळणारणीचा एकमेव पुरावा तिच्या हातून काढून घेणे, ही माझ्या मते निव्वळ गंमत नाही. तो इतिहासाचा अपहार आहे.

८/ माझे म्हणणे असे : अवजाराची ओळख त्याच्या क्रियापदात असते. मराठीत ही क्रियापदे किती नेमकी आहेत ते पाहा. दळणे म्हणजे पीठ करणे. भरडणे म्हणजे जाडसर फोडणे. कांडणे उखळ-मुसळाचे, वाटणे पाटा-वरवंट्याचे, खलणे खलबत्त्यातले, घुसळणे रवीचे, पाखडणे सुपाचे. प्रत्येक क्रियापदामागे वेगळे साधन, वेगळी बैठक आणि हाताची वेगळी चाल उभी आहे.

९/ क्रियापद ठाऊक नसेल तर जुळी भावंडे ओळखता येत नाहीत. कोकणातले घिरट घ्या. रूप जात्याचे, दोन तळ्या तशाच एकीवर एक. पण त्याचे काम पीठ काढण्याचे नव्हे, भात भरडून तूस सोडवण्याचे. संग्रहालयात दोन्ही शेजारी ठेवा आणि पाट्या काढून घ्या. शहरातला अभ्यासक गोंधळेल. ज्या बाईने दोन्ही ओढली आहेत, ती क्षणभरही थांबणार नाही.

१०/ क्रियापदाला स्थळही असते. भोर-वेल्ह्याचा पश्चिम भाग भाताचा आणि नाचणी-वरईचा. इथे भात कांडावे लागते, नाचणी दळावी लागते. म्हणून घरात उखळ आणि जाते दोन्ही हवीत. तांदूळ धुण्यासाठी बांबूची रोवळी हवी. घाट उतरून पूर्वेला ज्वारी-बाजरीच्या मुलखात गेलात की जात्याचा मान वाढतो आणि रोवळी दुर्मीळ होते. वस्तू कुठली, हे कळल्याशिवाय ती कशाची हे कळत नाही.

११/ मग ही क्रियापदे गेली कुठे? आधी गावात पिठाची आणि भाताची गिरणी आली. १९६०च्या दशकात सुमीतसारखे देशी मिक्सर घराघरांत शिरू लागले. आज चटणी, इडलीचे पीठ, दाण्याचे कूट आणि ताक या सर्वांसाठी आपल्याकडे एकच क्रियापद उरले आहे : 'मिक्सरमधून फिरवणे'. वाटणे, भरडणे, कुटणे आणि घुसळणे यांतला फरक त्या एका शब्दात विरघळून गेला.

१२/ कधी कायदाही वस्तूला मुकी करतो. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. आणि ही मापे मुलखागणिक निरनिराळी. १९५६ साली प्रमाणित वजने व मापे कायदा झाला आणि १९५८पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढच्या दोन पिढ्यांत पितळी मापटे दिवाणखान्यात आले. आज त्यात पेने ठेवतात.

१३/ हे विस्मरण पूर्ण झाले की काय होते? युरोपात रोमन काळातील, इ.स. दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील, बारा पंचकोनी बाजूंच्या पोकळ ब्राँझच्या वस्तू सापडतात. आजवर शंभराहून अधिक मिळाल्या आहेत. मेणबत्तीची बैठक, मोजमापाचे यंत्र, विणकामाचे साधन असे तर्क लढवले जातात. त्या काळच्या एकाही लिखाणात त्यांचा उल्लेख नाही. वस्तू शंभर, क्रियापद एकही नाही. म्हणून त्या आजही कोडेच आहेत.

१४/ आपल्याकडे हा धोका वेळीच ओळखणारा एक माणूस होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. १९२०च्या सुमारापासून त्यांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती आणि स्वयंपाकाची साधने जमवली, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभारले आणि पुढे तो संग्रह राज्य शासनाच्या हाती सोपवला. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकाच मान त्यांनी घरातल्या अवजारांना दिला.

१५/ केळकरांनी वस्तू वाचवली. क्रिया वाचवण्याचे उदाहरणही पुणे जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आणि पुढे राज्यभरातून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. दळणारीच्या मनात काय चालले होते हे त्यातून ऐकू येते. माझ्या मते जात्याच्या शेजारी हा आवाज असला, तरच ते जाते खऱ्या अर्थाने जतन झाले.

१६/ एक आक्षेप रास्त आहे. 'ते कष्ट गेले तेच बरे. तुम्हांला पुन्हा बायका जात्यावर बसवायच्या आहेत काय?' मुळीच नाही. पहाटे तीनला उठून दळण्यात रम्य असे काही नव्हते, आणि गिरणी आली तेव्हा सुटकेचा श्वास टाकणाऱ्या बाया खोट्या नव्हत्या. परंतु कष्ट संपणे वेगळे आणि कष्टाची आठवण पुसली जाणे वेगळे. पहिल्याचे स्वागत करावे. दुसऱ्यास आपण जबाबदार असतो.

१७/ म्हणून 'ओळखा पाहू' हा खेळ बंद करू नका, त्याचे नियम बदला. माळ्यावर एखादी वस्तू सापडली की चार प्रश्न विचारा. ही कोणत्या गावची? हिच्यात काय घालीत? हिच्यापुढे कोण, कसे बसे? आणि त्या कामाला घरात काय म्हणत? उत्तर प्रथम घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला देऊ द्या. 'शिवकालीन' ही चिठ्ठी सर्वांत शेवटी, पुरावा असेल तरच.

१८/ भाटघरमध्ये आज किती पाणी आहे, याचा आकडा वर्तमानपत्रात येतो. त्या पाण्याखाली कितीजणी दळत होत्या, याचा आकडा कुठेच नाही आणि आता मिळणारही नाही. ज्या आजी अजून सांगू शकतात, त्यांचे तेवढे लिहून घेता येईल. आपल्या घरातली एक वस्तू, तिचे गाव आणि तिचे क्रियापद खाली लिहा. छायाचित्र नसले तरी चालेल, क्रियापद मात्र हवेच.