उसन्या यंत्राचा आकडा

गावी लग्नाची मोठी पातेली मंडळाकडून आणायची आणि घासून परत करायची. इथे अमेरिकेत घरच्या काचेच्या टाकीत पोवळी वाढवणाऱ्यांच्या क्लबांत थोडं तसंच चालतं. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बे एरिया रीफर्समध्ये प्रकाश मोजायचा महागडा पार मीटर सभासदांना उसना मिळतो. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी प्रत्येकाने काहीशे डॉलर कशाला घालवायचे?

पाणी तपासायच्या साधनांची गोष्ट मात्र वेगळी. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर या गाडीतून त्या गाडीत आदळतो, काच कुणी पुसत नाही. शुद्ध पाण्यावर शून्य आलं की झालं, असं बरेच जण समजतात. पण शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला चुकू शकतं, आणि समुद्राचं पाणी असतं हजारी साधारण ३५ भाग. आमच्या क्लबात असं एकच यंत्र पाच घरी फिरलं. सगळ्यांचे आकडे जुळायचे, म्हणून शंकाच आली नाही. पोवळी पांढरी पडल्यावर डोळे उघडले!

यंत्र जरूर वाटून घ्या. पण त्याच्याबरोबर ३५ चं प्रमाणित द्रावण आणि एक वहीही फिरू दे. घेताना तपासायचं, देताना तपासायचं, तारीख लिहायची. कॅल्शियम, अल्कलिनिटीची रसायनं ज्याची त्याने आणावीत. दुसऱ्याने फोडलेल्या बाटलीची मुदत कोण लक्षात ठेवतो? द्रावणाचा खर्च मात्र क्लबनेच करावा. वर्गणी काय फक्त पिझ्झ्यासाठी घेतात?