मंगरूचा मंगलराव

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ साली. त्याच्या बऱ्याच आधी मी दवनीवाड्याच्या बाजूला पीककर्जाची प्रकरणे पाहत असे. धानाच्या हंगामात टेबलापुढे रांग लागे आणि रांगेत आठवड्याचे सगळे वार उभे असत : सोमा, मंगरू, बुधराम, शुक्रू, इतवारी. ज्या वारी जन्म, त्या वाराचे नाव. मधूनच एखादा दगडू, कचरू. आधीची मुले दगावलेल्या घरात पाठच्याला मुद्दाम असे हलके नाव ठेवीत. दगडाला कोणाची दृष्ट लागणार? मायेने ठेवलेली नावे होती ती. आम्हा बाबूलोकांना मात्र अडाणी वाटत.

एका मंगरूचे खाते उघडताना मी फॉर्मवर ‘मंगलराव’ लिहिले. त्याचा मान वाढवला, अशी माझी समजूत. तो हसला, अंगठा उठवून गेला. पुढे तो वारला. त्याची बायको कागद घेऊन आली. सातबाऱ्यावर मंगरू, रेशनकार्डावर मंगरू, पासबुकात मंगलराव. “हा मंगलराव कोण जी, साहेब?” तिने विचारले. प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, दोन साक्षीदार. तीन हजार रुपयांसाठी ती चार महिने हेलपाटे घालत होती. चूक माझी, एसटीचे भाडे तिचे. आणि हे मी तिला तेव्हा सांगितलेही नाही.

कुर्द लोकांविषयी वाचताना ती बाई आठवते. तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया अशा चार देशांत विभागलेला हा समाज. नावे किती साधी! हेवी म्हणजे आशा, बेरीवान म्हणजे दूध काढणारी. आझाद तर आपल्याही ओळखीचा. तुर्की लिपीत क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरे नाहीत, म्हणून ती असलेली कुर्दी नावे नोंदवायला कचेऱ्या वर्षानुवर्षे नकार देत. सप्टेंबर २०२२मध्ये इराणी पोलिसांनी ताब्यात घेतल्यावर जी तरुणी दगावली, ती जगाला महसा अमिनी म्हणून ठाऊक झाली. महसा हे कागदावरचे नाव. घरच्यांची ती जिना. थडग्यावर त्यांनी तेच कोरले.

मग नाव कधी बदलूच नये की काय? तसे नव्हे. सातारा जिल्हा परिषदेने २०११ साली ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे बदलली, ते मला पटले. दगडू हे नाव पोर जगावे म्हणून. नकुशा हे पोरगी नको होती म्हणून. शिवाय तिथे कित्येकींनी नवे नाव स्वतः निवडले. मी मंगरूला कुठे विचारले होते?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. निर्णय चांगला. पण नोंद घेणारा हात कोणाचा, हे पाहायला हवे. बाईने ‘मंगरीबाई’ सांगितले, तर टेबलामागच्या सुशिक्षित मुलाने कृपा करून ‘मंगला’ लिहू नये.