नावाला भुलू नका, वेढे मोजा

गिटारीसाठी जुन्या धर्तीचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधू पाहणारा विद्यार्थी हमखास अडतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कपॅसिटर टपालाने येतात. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड-तांब्याचा ठोकळा. परदेशातून मागवला तर टपालखर्चच जड होतो. तरी बहुतेकांची धाव नामांकित कंपनीकडेच. माझे मत याउलट आहे. ट्रान्सफॉर्मर गणितावर निवडावा आणि जमेल तेथे जवळच्या कारागिराकडून गुंडाळून घ्यावा.

नावाच्या मोहाबाबत एक दाखला पुरे. लंडनमध्ये १९६२ साली जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम-४५ हा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला, तो फेंडर कंपनीच्या बासमनवरून. त्याच्या सुरुवातीच्या नगांतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर रेडिओस्पेअर्स या सुटे भाग विकणाऱ्या पेढीकडचा तयार माल होता. जवळ मिळाले ते जुळवून घेतले. आज त्याच ट्रान्सफॉर्मरच्या प्रतिकृती विकल्या जातात!

मग गणित कोणते? व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ६व्ही६ जातीचा एकच व्हॉल्व्ह २५० व्होल्टवर चालवायचा तर ५,००० ओहमचा भार योग्य. ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५. त्याचे वर्गमूळ २५. स्पीकरच्या बाजूला एक वेढा, तर व्हॉल्व्हच्या बाजूला पंचवीस. दुसऱ्या बाजूस १ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब दिला की पहिलीकडे २५ व्होल्ट दिसले पाहिजेत. इतकी ही परीक्षा सोपी आहे.

माळ्यावरच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ट्रान्सफॉर्मरही याच परीक्षेने पारखावा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी बनवलेला ईएल-८४ अशा रेडिओंत चाले. पण तो ट्रान्सफॉर्मर ४ ओहमच्या स्पीकरसाठी असला आणि आपण ८ ओहमचा जोडला, तर व्हॉल्व्हवरचा भार दुप्पट होतो.

दुसरी गोष्ट गाभ्याची. एकाच व्हॉल्व्हच्या मांडणीत वेढ्यांतून एकदिश प्रवाह सतत वाहतो. म्हणून पट्ट्या एका बाजूने भरून मध्ये कागदाची फट ठेवावी लागते, नाहीतर गाभा संपृक्त होतो. पुश-पुल मांडणीत हे प्रवाह एकमेकांना छेदतात. तेथे पट्ट्या आलटून-पालटून भराव्यात. आणि गिटारीची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची. २० हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या भल्यामोठ्या गाभ्याचा खर्च कशाला?

आता कारागीर. पांढुर्णा-सौंसरचा मुलूख संत्र्यांचा, म्हणजेच विहिरींचा आणि पंपांचा. जेथे पंप आहेत, तेथे मोटार वाइंडिंग करणारे हात आहेत. मोटार आणि ट्रान्सफॉर्मर एक नव्हेत, हे मान्य. थरागणिक कागद घालणे आणि स्पीकरचे वेढे दोन थरांच्या मध्ये ठेवणे, हे त्यांना समजावून सांगावे लागेल. पण तार, तिचा गेज, वार्निश यांची जाण त्यांच्या बोटांत आहे. आपल्याकडे सूत्र आहे, त्यांच्याकडे हात आहेत. या दोघांची गाठ न पडणे, हेच आपल्या शिक्षणाचे खरे दुखणे आहे.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालवला, तर ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटू शकते. म्हणून पहिली जोडणी भौतिकीच्या प्रयोगशाळेत, जाणत्या अध्यापकांसमोरच व्हावी.

अध्यापकांना विनंती एवढीच, की वर्षातून एक असा ट्रान्सफॉर्मर विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावा. वेढे, तारेचा गेज, गाभ्याचे माप एका वहीत उतरावे. ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती पडली, की परदेशी कंपनीच्या नावाची गरज आपोआप संपेल.